महारुद्रच्या गाडीचं पालिश

वालूरच्या थांब्यावर उतरून कुणालाही विचारा, महारुद्रची गाडी कुठं उभी असते म्हणून. समोरचा आधी डोकं खाजवेल, मग त्याच्या ध्यानात येईल आणि तो म्हणेल, "महारुद्र म्हंजे दिनकररावचा डायवर का? मग दिनकररावची गाडी म्हणा की सरळ." आता या माणसाला काय सांगायचं? ती गाडी, म्हणजे मालट्रक, महारुद्रनं पाच वर्षांपूर्वी रीतसर विकत घेतली. कागद त्याच्या नावावर आहे, टायर फुटला तर जॅक लावून तोच आडवा होतो, आणि इंजिनाला सर्दी झाली तरी झोप त्याचीच उडते. पण गावाच्या तोंडी एकदा एखादं नाव बसलं की ते कुणाच्या बापाला निघत नाही.

त्याआधी महारुद्रनं वीसेक वर्षं तीच गाडी दिनकररावांसाठी चालवली होती. कापसाच्या गाठी, सोयाबीन, हळद, उन्हाळ्यात कडबा, जे मिळेल ते. सेलूच्या मोंढ्यापासून हैदराबादेपर्यंत एकही रस्ता असा नव्हता की जिथल्या खड्ड्याशी त्याची ओळख नाही. भरल्या गाडीचे ब्रेक घाटात तापले तरी या माणसाचा हात कधी थरथरला नाही. दिनकररावांसमोर मात्र त्याची जीभ टाळूला चिकटायची. 'जी मालक' याच्यापुढं तिसरा शब्द सुचायचा नाही, आणि गाडी विकत घेतल्यावरही त्यात काही फरक पडला नाही.

दिनकरराव वाईट असते तर काम सोपं होतं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. हा म्हातारा सोन्यासारखा. पोरं पुण्यात, गुडघे दुखायला लागलेले, गाडीमागं पळणं होईना, तेव्हा बाहेरचं गिऱ्हाईक दारात उभं असताना त्यांनी महारुद्रला बोलावून घेतलं. "ही दुसऱ्याच्या हातात गेली तर मला झोप येणार न्हाई," म्हणाले, आणि गाडी त्याला दिली. अशा माणसाला तोंड वर करून काय बोलणार?

आणि बोलायचं तर होतं. एकच गोष्ट बोलायची होती, ती म्हणजे दसऱ्याच्या नारळाची.

आमच्याकडं दसऱ्याला गाडीची पूजा होते आणि तिचा एक शिरस्ता ठरलेला आहे. ज्याची गाडी, त्यानं समोर नारळ फोडायचा. ड्रायव्हरनं चाकांखाली लिंबं ठेवायची, वर चढून गाडी सुरू करायची आणि लिंबं चिरडून पुढं न्यायची. लहान पोरालाही विचारा, नारळ कुणाच्या हातात आहे ते बघून तो गाडी कुणाची ते सांगेल. गाडी घेतली त्या वर्षी दसऱ्याला दिनकरराव धुतलेलं धोतर नेसून, स्वतःचा नारळ घेऊन, नेहमीसारखे हौसेनं आले. महारुद्रनं नेहमीसारखीच लिंबं उचलली. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. असा तो रिवाजच पडून गेला.

महारुद्रची बायको रुख्मिणी दरवर्षी आरतीचं ताट धरून हे बघायची आणि पूजा आटोपली की घरात येऊन ताट आदळायची. "गाडी तुमची, कर्ज फेडून फेडून मान आमची वाकली, आन् नारळ कुणाचा? मालकाचा. औंदा तुमी नारळ फोडला न्हाई तर मी ताट घेऊन भायेर येणारच न्हाई. तुमच्या हातानंच ववाळून घ्या."

"बोलतो औंदा," महारुद्र म्हणाला.

"बोलतो म्हणून चार दसरे गेले."

बोलणं जमायचं नाही हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून त्यानं मनात दुसरीच युक्ती काढली. गाडी अशी लखलखीत करायची की म्हाताऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत. ही आपली ती जुनी धुळकट गाडी नव्हे, हिचा आता कुणी दुसरा धनी आहे, हे बघता क्षणी कळलं पाहिजे. मग दिनकरराव आपोआप एक पाऊल मागं सरतील आणि म्हणतील, घे महारुद्रा, फोड तूच. एक वाक्य बोलायचं टाळण्यासाठी माणूस किती घाम गाळू शकतो ते बघायचं असेल तर पुढचं ऐका.

परभणीत दिलेली त्याची लेक राजेश्री हिनं वडलांची ही हौस ऐकून दसऱ्याच्या आधीच एक चपटी डबी पाठवली. आत पिवळसर मेण. सोबत मऊ लुसलुशीत निळं फडकं आणि फोनवर एक व्हिडिओ. व्हिडिओतला माणूस कुठल्यातरी परदेशातला. घरासारखी मोठी मोटारखोली, खाली आरशासारखी फरशी, वर पंखा, आणि पांढरीशुभ्र गाडी, जिच्यात आयुष्यात कुणी कडबा भरला नसेल. तो माणूस हसत हसत मेण लावायचा, हसत हसत पुसायचा आणि गाडीत स्वतःचं तोंड बघायचा.

"बाबा, नीट ऐका," राजेश्रीनं फोनवर सांगितलं, "आदी गाडी स्वच्छ धुवायची, जुनं तेल-बिल सगळं काढायचं. मग सावलीतच लावायचं, पातळ. उन्हात बिलकुल लावू नका, डाग पडतेत. आन् त्या निळ्या फडक्यानंच पुसायचं."

"लय सोपं हाय की," महारुद्र म्हणाला.

नवमीच्या दिवशी सकाळीच त्यानं पाइप काढला. घरामागच्या बोअरचं पाणी म्हणजे क्षाराचा कारखाना. चहाच्या पातेल्यात पांढरं पुट चढतं ते गाडीवर चढल्याशिवाय कसं राहील? एक बाजू धुऊन दुसरीकडं जाईस्तोवर पहिल्या बाजूवर पांढरे ठिपके वाळून बसायचे. त्यानं पुन्हा धुतली, पुन्हा ठिपके आले. तिसऱ्यांदा ओल्या धोतराच्या फडक्यानं घाईघाईनं पुसत धावला, तर पाय चिखलात घसरला आणि ढोपर बंपरवर आपटलं. त्या परदेशातल्या माणसाच्या अंगणात चिखल दिसला नव्हता.

मग सावलीचा प्रश्न आला. सबंध गाडी मावेल अशी सावली वालुरात एकच, घरासमोरच्या कडुलिंबाची. गाडी तिथं नेऊन उभी केली, तर वर बगळ्यांची वस्ती. धुतलेल्या टपावर पाच मिनिटांत पांढरी नक्षी उमटली. महारुद्रनं वर बघून बगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि गाडी पुन्हा उन्हात आणली. ऊन म्हणजे दसऱ्याचं, पावसाळा सरल्याबरोबर मागचं सगळं उट्टं काढणारं. पत्र्याला हात लावला की चटका बसायचा.

तरी त्यानं मेण लावलंच. डबीत बोट घातलं तर मेण पातळ होऊन तेलासारखं हाताला लागलं. मागच्या फाळक्यावर आणि एका बाजूला चोळलं, तर पुसायच्या आधीच ते वाळून चुन्यासारखं पांढरं झालं. निळं फडकं शोधायला घरात गेला, तर ते देव्हाऱ्यात. त्याच्या म्हाताऱ्या आईला, धुरपताबाईला, इतकं मऊ कापड पोरीनं देवासाठीच पाठवलंय असं वाटलं होतं, आणि तिनं नृसिंहाच्या टाकाखाली ते घडी करून अंथरलं होतं.

"देवाखालचं काढू नगं," धुरपताबाई म्हणाली. "तुझ्या गाडीला माजं जुनं लुगडं घे."

लुगड्याला जरीचा काठ होता. त्यानं पत्र्यावर बारीक ओरखडे पडले. ते पुसेपर्यंत शेजारच्या नागनाथनं आपल्या खळ्यात मळणीयंत्र सुरू केलं. सोयाबीनचा भुसा असा उडाला की समोरचं घर दिसेना. वारा नेमका इकडचा. ओल्या मेणावर भुसा बसला आणि गाडी केस उगवल्यासारखी दिसायला लागली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

"नागनाथ, अरे थांब की घडीभर. मी पालिश करायलोय," महारुद्र कुंपणावरून ओरडला.

"मशीन भाड्याची हाय," नागनाथ तिकडून म्हणाला. "तुमी सांच्याला करा पालिश. दिनकररावची गाडी कुटं पळून चाल्ली?"

महारुद्रनं हातातलं लुगडं असं पिळलं की जणू नागनाथची मानच हातात असावी. त्याला वाटलं, कुंपण ओलांडून जावं आणि याला गाडीचा कागदच दाखवावा. पण त्यानं तेही गिळलं आणि मोर्चा पुढं, ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराकडं वळवला. भिंतीच्या आडोशामुळं तिकडं भुसा कमी येत होता आणि दुपार कलल्यावर सावलीही पडली होती. म्हटलं, बाकी गाडी जाऊ दे खड्ड्यात, हे एक दार तरी आरशासारखं करायचंच. दिनकरराव नारळ घेऊन येतात ते याच बाजूनं.

पण दारावर जुनं तेल होतं. इतकी वर्षं प्रत्येक दसऱ्याला त्यानं डिझेलचा बोळा फिरवून गाडी चमकवली होती, आपल्याकडं सगळे तसंच करतात. तासभर झकास दिसतं, मग त्यावर धूळ बसते, आणि धूळ-डिझेलचा असा चिकट थर होतो की मेण त्याला धरत नाही. व्हिडिओतल्या माणसाकडं ते काढायला निळ्या पाण्याची बाटली होती. महारुद्रनं साबण लावला, धुण्याचा सोडा लावला, थर काही हलेना. तो दाराशी कपाळाला हात लावून बसला, तेव्हा ओसरीवरून धुरपताबाई बोलली.

"राख लाव. राख आन् चिच. समईला काय लावतेत मग? घासल्याबिगर कुटं चमक येती व्हय?"

तिच्या समया, तिचा हंडा, तिचा तांब्या सगळ्या गल्लीत नाव काढण्यासारखे होते. तिच्या हातच्या पितळेत खरोखरच तोंड दिसायचं. महारुद्रला ते पटलं. आपल्याकडं चकाकी म्हटली की राख आणि चिंच, मग ती तांब्याला असो की ट्रकला. त्यानं चुलीतली राख चाळून घेतली, चिंचेचा गोळा भिजवला, नारळाची शेंडी हातात धरली आणि अंगात आल्यासारखा दार घासायला लागला.

आणि थर निघायला लागला. खाली लाल पाणी वाहायला लागलं. महारुद्र हरखला. त्याला वाटलं, ही वर्षानुवर्षांची मुरमाची धूळ निघतेय. जितकं घासावं तितकं लाल पाणी येत होतं, आणि जितकं लाल पाणी येई तितका तो चेव येऊन घासत होता. रुख्मिणी चहा घेऊन आली तेव्हा त्यानं तिला मोठ्या कौतुकानं खालचा लाल ओघळ दाखवला. "बग, किती घाण होती ती. ह्याच्यापायीच गाडी मरगळल्यावानी दिसत हुती."

मग त्यानं दार कोरडं केलं, आईची नजर चुकवून देवाखालचं निळं फडकं आणलं, आणि सावलीत, पातळ, अगदी लेकीनं सांगितलं तसं मेण लावलं. थोडं थांबून पुसलं. आणि चमक आली. खरोखर आली. दार असं झळकलं की त्यात लिंबाची फांदी दिसायला लागली. पण मधोमध एक पिवळी रेघ दिसत होती. मेणाचा ओघळ असेल म्हणून त्यानं ती जोरानं पुसली. रेघ रुंद झाली. आणखी पुसली, तर तिला काना फुटला.

तो एक पाऊल मागं सरला आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलोय.

गाडी नवी होती तेव्हा दिनकररावांनी नांदेडहून पेंटर आणून दारावर स्वतःचं नाव घातलं होतं. पिवळ्या अक्षरांना काळी सावली आणि वरून लाखेचा हात. गाडी घेतल्यावर महारुद्रनं सेलूच्या एका रंगाऱ्याकडून त्यावर ब्रशानं लाल रंगाचा एक हात मारून घेतला. स्वस्तातला रंग. स्वतःचं नाव मात्र त्यानं घातलं नाही. लाज वाटली. लोक आधी तोंडानं म्हणायला लागू देत, मग दारावर घालू, असा विचार केला आणि दार कोरंच राहू दिलं. त्या स्वस्तातल्या रंगाला दुपारभर राख-चिंच खाऊ घातल्यावर तो गेला, आणि त्याच्याखालून नांदेडच्या पेंटरची कारागिरी जशीच्या तशी वर आली. 'दिनकरराव'. वर मेणाची चकाकी.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

महारुद्र चाकाला टेकून मटकन बसला. रुख्मिणी आली, तिनं दार वाचलं आणि पदर कमरेला खोचला.

"रंग आना आन् झाका," ती म्हणाली.

दसऱ्याच्या आदल्या सांजेला रंगाचं दुकान कोण उघडं ठेवतो? घरातला उरलेला डबा उघडला तर आत वाळून दगड झालेला. सेलूच्या रंगाऱ्याला फोन लावला, तो पाथरीला बहिणीकडं गेलेला. मग महारुद्रनं दारावर हळदीचा जाड लेप देऊन पाहिला. तो खाली घसरला. चिखल थापला, तोही घसरला. देवाचं कॅलेंडर चिकटपट्टीनं लावलं, पट्टी सुटून कॅलेंडर पायात पडलं. दिवसभर त्या मेणानं त्याला जेरीस आणलं होतं, कुठं म्हणून धरलं नव्हतं, आणि आता या एका दारावर ते असं बसलं होतं की त्याच्यावर काही टिकायला तयार नव्हतं. महारुद्रनं डबी उचलली आणि उकिरड्यावर भिरकावली. मग जाऊन परत आणली, कारण लेकीनं पाठवली होती.

सकाळी रुख्मिणीनं झेंडूची सगळ्यात लठ्ठ माळ ओवली. ती आरशापासून दाराच्या कडीपर्यंत तिरपी सोडली तर नाव पुरतं झाकलं जात होतं. बाकी गाडी कशी दिसत होती ते सांगायची सोय नाही. फाळक्यावर चुन्याचे डाग, बाजूला भुसा, टपावर बगळ्यांची कृपा. पण नाव झाकलेलं होतं. महारुद्रनं नवा नारळ आणून पूजेच्या पाटावर ठेवला. रुख्मिणीनं तो बघितला, आणि कितीतरी दसऱ्यांनी पहिल्यांदा ती आरतीचं ताट घेऊन आपण होऊन बाहेर आली.

दिनकरराव आले. धुतलेलं धोतर, हातात काठी, दुसऱ्या हातात नारळ. सोबत नागनाथ आणि गल्लीतले दोघं-चौघं. महारुद्रनं पायाला हात लावला. दिनकररावांनी त्याला आपट्याचं पान दिलं, गाडीकडं बघितलं आणि म्हणाले, "अरे, दाराला एवढी मोठी माळ कामून घातलीस? उघडताना तुटंल की." आणि जुन्या सवयीनं, जशी ते आयुष्यभर गाडीची हर एक गोष्ट नीटनेटकी करत आले होते तशी, काठीच्या टोकानं माळ बाजूला सारली.

नाव उन्हात झळकलं.

म्हाताऱ्यानं काठी खांद्याला टेकवली आणि बोटानं एकेक अक्षर चाचपलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"हे तू घासून वर काढलंस?"

"जी मालक," महारुद्र म्हणाला. खोटं काय होतं त्यात.

"म्या परवाच घरात सांगून ठिवलं होतं," दिनकरराव सगळ्यांकडं वळून म्हणाले. "औंदा नारळ महारुद्राच्या हातानं फोडायचा. गाडी त्याची हाय, मेहनत त्याची हाय, आपण म्हाताऱ्या माणसानं खामखा मधी कामून जायचं? हा नारळ त्याच्याच हातात द्यायला आणला होता मी." मग त्यांनी महारुद्रच्या खांद्यावर हात ठेवला. "पण तू तर माझं नाव येवढं लख्ख करून ठिवलंस, बाबा. आता मी न्हाई म्हणलो तर तुझं मन मोडंल. आण, मीच फोडतो. मरंस्तोवर मीच फोडत जाईन, जा."

रुख्मिणीच्या हातातलं ताट हललं आणि निरांजन विझलं.

महारुद्रनं तोंड उघडलं. सगळं तिथपर्यंत आलेलं होतं. "मालक," तो म्हणाला.

"काय रे?"

म्हाताऱ्याचे डोळे अजून ओले होते.

"लिंबं ठिवतो," महारुद्र म्हणाला, आणि वाकला.

नारळ एका फटक्यात फुटला. दिनकररावांच्या हातात अजून जोर होता. महारुद्र वर चढला, दार लावून घेतलं, काच वर केली आणि गाडी सुरू केली. चाकांखाली लिंबं चिरडली. बाहेर नागनाथ दाराकडं बोट करून कुणाला तरी सांगत होता, "काय चमकायली बगा दिनकररावची गाडी." आतमध्ये महारुद्र स्टेअरिंगवर मूठ आपटत मोठ्यानं म्हणत होता, "माझी हाय ही. माझी हाय. माझी हाय." इंजिनाच्या आवाजात ते कुणालाही ऐकू गेलं नाही.